आजारी बालकाचे निरोगी भावंड

दीर्घकाळ चालणारा आजार घरात आला म्हणजे तो एका व्यक्तीपुरता मर्यादित राहत नाही. घराचा दिनक्रम, मिळकतीची वाटणी, आईवडिलांची झोप, सणावारांची आखणी या सर्वांना त्या आजाराच्या कलाने वळण लागते. आजारी बालकाची तपासणी, औषधोपचार आणि सवलती यांचा विचार निरनिराळ्या शासकीय योजनांतून झालेला आहे आणि तो आवश्यकही आहे. परंतु त्याच घरात वाढणारे जे दुसरे मूल असते, त्याची नोंद मात्र सहसा कोठेच होत नाही. ते आजारी नसते, म्हणून दवाखान्याच्या कागदावर त्याचे नाव येत नाही. ते खोड्या करीत नाही, म्हणून शिक्षकांचे त्याच्याकडे लक्ष जात नाही. ते तक्रार करीत नाही, म्हणून आईवडिलांनाही त्याची काळजी वाटत नाही.

दमा, हृदयविकार, मधुमेह, अपस्मार अशा कोणत्याही दीर्घ आजाराच्या बाबतीत हे घडते. महाराष्ट्रात मात्र सिकलसेल या आजाराने ग्रस्त असलेल्या कुटुंबांत या प्रश्नाला विशेष तीव्रता प्राप्त होते. हा आजार आनुवंशिक आहे. त्यामुळे निरोगी दिसणाऱ्या भावंडावर आजारी भावाची किंवा बहिणीची जबाबदारी तर पडतेच, पण त्याच्या स्वतःच्या रक्तात काय आहे हा प्रश्नही उभा राहतो. सिकलसेलग्रस्त घरात रुग्ण एक असला, तरी विचार सर्व मुलांचा करावा लागतो, ही गोष्ट आरोग्य कर्मचारी, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य या तिघांनीही ध्यानात घेण्यासारखी आहे.

विळ्याच्या आकाराची पेशी

मनुष्याच्या रक्तातील तांबड्या पेशी सामान्यतः वाटोळ्या, मध्यभागी किंचित दबलेल्या आणि लवचिक असतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतूनही त्या अंग चोरून पुढे सरकतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन हे द्रव्य फुप्फुसातील प्राणवायू शरीरभर पोहोचविते. सिकलसेल आजारात या हिमोग्लोबिनच्या घडणीत एक अल्पसा दोष असतो. प्राणवायूचे प्रमाण कमी झाले की सदोष हिमोग्लोबिनचे रेणू पेशीच्या आत ताठ धाग्यांप्रमाणे एकमेकांस जुळतात आणि पेशीस विळ्याचा आकार येतो. इंग्रजीत विळ्यास सिकल म्हणतात, त्यावरून या आजारास हे नाव पडले. अशा ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढील भागाचा रक्तपुरवठा खुंटतो आणि हाडे, सांधे, पाठ, छाती किंवा पोट यांत असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. विळ्याच्या आकाराची पेशी मात्र १० ते २० दिवसांतच नष्ट होते. परिणामी रक्तक्षय कायमचा जडतो, डोळ्यांत पिवळेपणा दिसतो, वाढ मंदावते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो.

शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली, वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या पेशी आढळल्याचे प्रथम प्रसिद्ध केले. दोषाचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवून दिले. भारतात निलगिरीच्या डोंगराळ भागातील आदिवासींमध्ये हा दोष असल्याचे १९५२ साली नोंदविण्यात आले. पुढे १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासावरून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. ज्यांच्या रक्तात या दोषाचा केवळ एक अंश असतो, त्यांना हिवतापाच्या घातक प्रकारापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. हिवतापाच्या जंगलपट्ट्यात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या का टिकून राहिला, याचा उलगडा यावरून होतो. हा आजार कोणाच्या पापाचे फळ नाही, कोणाच्या करणीचाही परिणाम नाही. ज्या रानात पूर्वजांनी हिवतापाशी झुंज दिली, त्या रानाची ती खूण आहे असे म्हणता येईल.

महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर यांसह विदर्भातील इतर जिल्हे, मेळघाट, तसेच सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबार, धुळे हे भाग आणि नाशिक, पालघरचा आदिवासी पट्टा येथे हा आजार प्रामुख्याने आढळतो. अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती आणि काही इतर मागासवर्गीय समाज यांत त्याचे प्रमाण अधिक आहे. काही जमातींत तर दर ५ व्यक्तींमागे एक किंवा त्याहून अधिक व्यक्ती वाहक असल्याचे पाहण्यांतून दिसून आले आहे.

एकाच घरातील चार शक्यता

प्रत्येक मुलास हिमोग्लोबिनचे एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. दोन्ही जनुके सदोष असतील तर मूल रुग्ण होते. एकच सदोष असेल तर ते वाहक होते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहकास सामान्यतः कोणताही त्रास होत नाही, औषध लागत नाही, तो शेतीची कामे करू शकतो, खेळू शकतो, इतरांप्रमाणे आयुष्य जगू शकतो.

आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी चार शक्यता असतात. मूल पूर्णतः दोषमुक्त असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि रुग्ण असण्याची २५ टक्के. या हिशेबाबद्दल एक मोठा गैरसमज आढळतो. चार मुलांपैकी एक आजारी निघाले, आता उरलेली तीन सुरक्षित, असे अनेक कुटुंबे मानतात. वस्तुस्थिती तशी नाही. नाणे एकदा छापा पडले म्हणून पुढच्या वेळी काटाच पडेल असे नसते. त्याचप्रमाणे प्रत्येक गर्भधारणेत ही सोडत नव्याने निघते. एखाद्या घरात तीनही मुले रुग्ण असू शकतात, तर दुसऱ्या घरात एकही नसते.

यातून भावंडांसंबंधी दोन महत्त्वाचे निष्कर्ष निघतात. पहिला असा की, अशा कुटुंबातील आजार नसलेल्या दर ३ भावंडांपैकी सरासरी २ भावंडे वाहक असतात. दुसरा निष्कर्ष अधिक निकडीचा आहे. निरोगी दिसणारे भावंड खरोखर निरोगीच असेल असे नाही. जन्मानंतरचे सुमारे सहा महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुरेशा प्रमाणात असते आणि ते या आजारापासून बाळाचे रक्षण करते. त्यामुळे आजारी मुलाच्या पाठीवर झालेले बाळ गुटगुटीत दिसते आणि घरची माणसे निश्चिंत होतात. भारतातील अनेक रुग्णांत हे हिमोग्लोबिन पुढेही काही प्रमाणात टिकते, म्हणून आजार सौम्य राहतो. अशा मुलाचे अधूनमधून हातपाय दुखणे कामचुकारपणा समजले जाते आणि त्याचा आजार अनेक वर्षे उमगत नाही. एका भावंडाचे निदान झाल्याबरोबर इतर सर्व भावंडांची तपासणी झालीच पाहिजे, असा आग्रह धरण्याचे कारण हे आहे.

रानाचा हंगाम आणि दुखण्याचा हंगाम

पूर्व विदर्भातील एखाद्या शेतमजूर कुटुंबाचे वर्ष नजरेसमोर आणले, तर थोरल्या भावंडावर काय भार पडतो याची कल्पना येऊ शकते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्याचा हंगाम असतो. फुले पहाटे गळतात, म्हणून घरातील कर्ती माणसे अंधारातच रानाची वाट धरतात. त्यापाठोपाठ ऐन उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची तोडणी येते. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी सुरू झाली की गुडघाभर चिखलात दिवस जातो. वर्षाच्या रोख कमाईचा मोठा भाग या दिवसांतच हाती येतो, म्हणून घरी बसणे परवडत नाही.

दुर्दैवाने सिकलसेलच्या वेदना बळावण्यास अनुकूल असणारे दिवसही हेच होत. उन्हाने शरीरातील पाणी कमी होणे, पावसात भिजणे, थंडी वाजणे, अतिश्रम आणि ताप ही वेदनांना चालना देणारी मुख्य कारणे आहेत. आईवडिलांची रानात सर्वाधिक गरज असते त्याच वेळी आजारी मुलाजवळ कोणीतरी असणे आवश्यक ठरते. हे कोणीतरी म्हणजे बहुधा थोरले भावंड, आणि त्यातही थोरली बहीण. धाकट्याचे पाय चोळणे, वारंवार पाणी पाजणे, चूल पेटवून पेज शिजविणे, अधूनमधून अंगाला हात लावून ताप पाहणे ही कामे दहा-अकरा वर्षांच्या मुलीकडे येतात. दुखणे वाढले की आई मुलास घेऊन ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात जाते आणि तेथेच राहते. मागे राहिलेल्या मुलीवर मग साऱ्या घराचा भार पडतो.

शाळेच्या हजेरीपटावर याचे प्रतिबिंब उमटते. जुलै-ऑगस्टमधील गैरहजेरीमुळे वर्षाचा पाया कच्चा राहतो आणि मार्च-एप्रिलमधील गैरहजेरीमुळे परीक्षा बुडते. आजारी मुलाची गैरहजेरी सर्वांना ठाऊक असते आणि ती समजूनही घेतली जाते. त्याच्या बहिणीची गैरहजेरी मात्र निष्काळजीपणा म्हणून नोंदली जाते. दोन-तीन वर्षे असे गेल्यावर तिचे नाव पटावरून नाहीसे होते. शाळा सोडण्याचे कारण म्हणून ‘घरकाम’ असा शेरा लिहिला जातो, आणि त्या घरकामामागे धाकट्या भावाचा सिकलसेल आहे हे त्या कागदावर कोठेच येत नाही.

मनात राहिलेले प्रश्न

श्रमांचा भार दिसू शकतो, मनावरचा भार तेवढा सहज दिसत नाही. आजारी भावंडासोबत वाढणाऱ्या मुलाच्या मनात परस्परविरोधी भावना एकाच वेळी नांदत असतात. भावाविषयी माया असते आणि त्याच्या वाट्याला येणारे अंडे, फळ, आईचा शेजार यांचा हेवाही असतो. आपल्याला काहीच होत नाही याचे समाधान असते आणि त्या समाधानाची लाजही वाटते. भांडणात रागाने काही बोलल्यावर त्याच रात्री भावाच्या वेदना सुरू झाल्या, तर आपल्यामुळेच हे घडले असे लहान मुलास खरोखर वाटते. हा आजार आपल्यालाही लागेल का, एकाच ताटात जेवल्याने तो येतो का, भाऊ मरणार का, हे प्रश्न त्याला पडतात. परंतु आईच्या चेहऱ्याकडे पाहून ते विचारले जात नाहीत.

काही मुले या परिस्थितीत चिडखोर होतात. पुष्कळ मुले मात्र उलट वागतात. ती वयाच्या मानाने फार शहाणी होतात. काही मागत नाहीत, हट्ट करीत नाहीत, आपले पोट दुखले तरी सांगत नाहीत. अशा मुलाचे कौतुक होते आणि त्या कौतुकामुळे तक्रार करण्याची उरलीसुरली वाटही बंद होते. ज्या घरात एका मुलाचे रडणे रोजचे झाले आहे, तेथे दुसऱ्याचे न रडणे हे समाधानाचे लक्षण आहे असे समजण्याची चूक सहज होऊ शकते.

या विषयाचा अभ्यास जगात अन्यत्रही झाला आहे. शार्प आणि रॉसिटर या संशोधकांनी २००२ साली, दीर्घ आजार असलेल्या मुलांच्या भावंडांविषयीच्या ५१ प्रकाशित अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. अशा भावंडांवर होणारा प्रतिकूल परिणाम मर्यादित, पण निश्चित स्वरूपाचा आहे, असे त्यांना आढळले. ज्या आजारांत रोजच्या जीवनात उपचारांचा व्याप असतो, त्या आजारांत हा परिणाम अधिक दिसला. आईवडिलांनी दिलेली माहिती आणि मुलांनी स्वतः दिलेली माहिती यांत फरक असल्याचेही त्यांनी नोंदविले. आईवडिलांचे चित्र मुलांच्या स्वतःच्या चित्रापेक्षा अधिक निराशाजनक होते. यावरून दोन बोध घेता येतात. अशी मुले अपरिहार्यपणे खचतात असे मानण्याचे कारण नाही. आणि त्यांना काय वाटते हे जाणून घ्यावयाचे असेल, तर मोठ्यांना विचारून भागत नाही, त्या मुलांनाच विचारावे लागते.

या अनुभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुसऱ्याचे दुःख ओळखण्याची दृष्टी, धीर आणि जबाबदारीची जाणीव ही मुले लवकर आत्मसात करतात. मात्र हे गुण त्यांचे बालपण हिरावून घेऊन यावेत, अशी अपेक्षा समाजाने ठेवणे योग्य नव्हे.

तपासणी आणि गुप्तता

सिकलसेलची प्राथमिक तपासणी सोपी आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन विद्राव्यता चाचणी करता येते. परंतु रक्तात सदोष हिमोग्लोबिन आहे एवढेच या चाचणीवरून समजते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढील तपासणी करावी लागते. पहिली चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून मुलास रुग्ण ठरविणे, किंवा पुढील तपासणी न करताच स्वस्थ बसणे, या दोन्ही गोष्टी टाळावयास हव्यात.

राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तत्पूर्वी, फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला होता. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळा यांना भेटी देतात. पथक गावात येईल त्या दिवशी रुग्ण मुलाच्या सर्व भावंडांना हजर ठेवण्याचे काम शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांना सहज करता येण्यासारखे आहे.

तपासणीचा निष्कर्ष मात्र त्या कुटुंबाचा खाजगी विषय असतो. वाहकांची यादी ग्रामसभेत वाचून दाखविणे, फलकावर लावणे किंवा वर्गात नावे पुकारणे यातून चांगल्या हेतूनेही मोठी हानी होते. विशेषतः मुलींच्या बाबतीत ‘त्या घरात सिकलसेल आहे’ एवढ्या कुजबुजीवरून जुळत आलेले विवाह मोडतात. वस्तुतः वाहक व्यक्तीचा विवाह दोषमुक्त व्यक्तीशी झाल्यास त्यांचे मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही. धोका संभवतो तो दोन्ही बाजू वाहक असतील तेव्हा. म्हणून वयात येणाऱ्या भावंडास आपण वाहक आहोत की नाही याचा अर्थ नीट समजावून सांगणे आणि विवाहापूर्वी दोन्ही बाजूंनी तपासणी करून घेणे, हाच योग्य मार्ग होय. एका बाजूवर बोट ठेवून विवाह मोडण्याने आजार कमी होत नाही. त्याने फक्त तो लपविला जातो.

भावंड आणि अस्थिमज्जा

फॉलिक आम्लाच्या गोळ्या, हायड्रॉक्सियुरिया हे औषध, लसीकरण, जंतुसंसर्गावर त्वरित उपचार आणि गरजेनुसार रक्त देणे यांच्या साहाय्याने रुग्णाचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते. काही निवडक रुग्णांत अस्थिमज्जेतील मूळ पेशींचे प्रत्यारोपण केल्यास आजार बरा होऊ शकतो. या उपचारासाठी जुळणाऱ्या पेशी देणारा दाता बहुधा सख्खे भावंडच असते. एका सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्णतः जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. दाता वाहक असला तरी चालते, तो स्वतः रुग्ण मात्र नसावा.

येथेही निरोगी मुलाचा विचार आवश्यक आहे. पेशी जुळल्या तर सर्व आशा आपल्यावर आहेत, आणि न जुळल्या तर आपण भावाच्या उपयोगी पडलो नाही, असे दुहेरी ओझे त्या मुलावर येते. पेशी जुळणे वा न जुळणे यात कोणाचेही कर्तृत्व किंवा अपराध नसतो, हे त्याला तपासणीपूर्वीच समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे. प्रत्यक्ष पेशी काढताना काय होते, किती दुखते आणि शरीर त्या पेशी पुन्हा तयार करते हेही त्यास सांगावयास हवे.

घराने काय करावे

मुलास त्याच्या वयानुसार खरे सांगणे ही पहिली गोष्ट. पाच वर्षांच्या मुलास ‘दादाच्या रक्तात दोष आहे, तो तुझ्यामुळे आला नाही आणि जवळ झोपल्याने लागत नाही’ एवढे पुरते. दहा वर्षांच्या मुलास विळ्याच्या आकाराची पेशी चित्र काढून दाखविता येते. दुसरी गोष्ट म्हणजे मदतीची मर्यादा ठरविणे. पाणी देणे, पांघरूण घालणे, शेजारच्या मोठ्या माणसास बोलावणे ही कामे भावंड करू शकते. औषध किती द्यावे, दवाखान्यात न्यावे की नाही, हे निर्णय मुलावर सोपविता कामा नयेत. काही लक्षणे मात्र त्यास ओळखता आली पाहिजेत. ताप येणे, एकाएकी पांढुरके पडणे व डाव्या बाजूस पोट फुगणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, हातपाय लुळा पडणे वा बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता मोठ्यांना हाक मारावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, हे त्याला पाठ असावे. दिवसातील थोडा वेळ आईने किंवा वडिलांनी केवळ या मुलासाठी ठेवणे ही तिसरी गोष्ट. विहिरीवर जाताना, शेतावरून परतताना, भाकरी थापताना असा वेळ काढता येतो. त्या वेळात आजाराचा विषय नसावा.

शाळा आणि पंचायत

शिक्षकांनी रुग्ण विद्यार्थ्याची नोंद करताना त्याची भावंडे कोणत्या इयत्तेत आहेत हेही लिहून ठेवावे. वर्गात डुलक्या घेणे, ठराविक दिवसांत गैरहजर राहणे, गुण एकाएकी घसरणे, आजारी भावंडासारखीच दुखणी सांगणे, किंवा अतिशय गप्प राहणे ही लक्षणे दिसल्यास शिक्षेऐवजी चौकशी करावी. अशा मुलास भेटल्यावर ‘भाऊ कसा आहे?’ हा प्रश्न सर्वच जण विचारतात. ‘तू कसा आहेस?’ असे विचारणारा एखादा शिक्षक त्याच्या आयुष्यात असला तर त्याचा आधार फार मोठा असतो. बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी सवड देणे, गृहपाठात थोडी सूट देणे यांसाठी वेगळ्या आदेशाची गरज नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. आपल्या क्षेत्रातील १४ वर्षांपर्यंतच्या बालकांची नोंद ठेवणे आणि प्रत्येक बालकाचा प्रवेश, उपस्थिती व प्राथमिक शिक्षणाची पूर्तता यांवर देखरेख करणे हे या कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे. भावाच्या शुश्रूषेसाठी घरी राहिलेली मुलगी या तरतुदीच्या कक्षेत येते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सिकलसेल आजाराचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये करण्यात आला आहे. रुग्ण बालकास प्रमाणपत्र आणि त्यानुसार देय असलेले लाभ मिळाले, तर कुटुंबावरील ताण हलका होतो आणि त्याचा लाभ भावंडासही मिळतो. वाहक व्यक्ती मात्र दिव्यांग गणली जात नाही, हे लक्षात ठेवावे.

ग्रामपंचायतीस करता येईल असे सर्वांत उपयुक्त काम हंगामाशी निगडित आहे. मोहफुले, तेंदूपत्ता आणि रोवणी यांचे दिवस गावास आधीपासून ठाऊक असतात. त्या दिवसांत आजारी बालकाजवळ बसण्यासाठी बचत गटातील महिला, रानात न जाणारी वडीलधारी माणसे किंवा शेजारी यांनी पाळी लावून घेतली, तर थोरली बहीण शाळेत जाऊ शकते. एका गावात अशी घरे सहसा थोडीच असतात आणि पाळीसाठी खर्चही येत नाही. लागते ती केवळ एका बैठकीत घेतलेली दखल.

निर्मूलनासाठी २०४७ हे वर्ष ठरविण्यात आले आहे. तोपर्यंत आज शाळेत असलेली मुले आईबाप झालेली असतील. रुग्णांची भावंडे असलेली ही मुलेच उद्याचे वाहक, पालक, शिक्षक आणि सरपंच आहेत. आजाराविषयी खरी माहिती मिळालेला, स्वतःची तपासणी झालेला आणि शिक्षण पूर्ण केलेला भाऊ किंवा बहीण हा या मोहिमेचा गावातील सर्वांत विश्वासू कार्यकर्ता ठरू शकतो. त्यासाठी रुग्ण बालकाच्या नोंदवहीत त्याच्या नावाखाली आणखी एक ओळ वाढविणे पुरेसे आहे. तीत त्याच्या प्रत्येक भावंडाचे नाव, इयत्ता, तपासणी झाली किंवा नाही आणि या महिन्यातील शाळेची हजेरी एवढीच माहिती हवी. ती ओळ दर महिन्यास भरली जाते की नाही, हे पाहण्याचे काम मात्र कोणीतरी आपले मानले पाहिजे.